पूर्वज पुन्हा हसले

३ मे, शनिवार

आजपासून दैनंदिनी सुरू. इतिहास घडत असताना शुद्धीवर असलेल्या एका तरी माणसानं तो लिहून ठेवायला हवा, आणि आमच्या मंडळात तसा मी एकटाच आहे.

आज हाक्का कुळमंडळाच्या बैठकीत ठरलं: दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी चारला, रॉयल रोडवरच्या आपल्या हॉलमध्ये सिनेमा. एकूण सहा. विषय एकच, चीन सोडून जगभर पांगलेली आपली माणसं. आमचा अध्यक्ष सिरिल चान यो म्हणाला, "नातवाला आजोबांचं गाव माहीत नाही आणि आजोबांना नातवाची भाषा कळत नाही. निदान दोघांना एका अंधारात तरी बसवू." सिरिल माझा वर्गमित्र. बोलतो बरं, पण भूगोलात कायम नापास.

संयोजक म्हणून मला नेमलं. मी दोनदा नाही म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत ते पुढच्या विषयावर गेले होते.

खरी गोष्ट फक्त इथे लिहितो. त्र्याहत्तर साली पप्पांनी एका खलाशाकडून छोटा कॅमेरा मिळवला आणि बेटाच्या दक्षिणेला असलेल्या सुयाक गावातल्या आमच्या दुकानाचं चित्रण केलं. मोजून चाळीस मिनिटं. मी त्यावर दोन वर्षं खपलो, नकाशे घातले, स्वतःच्या आवाजात निवेदन घातलं आणि दोन तास पन्नास मिनिटांचा माहितीपट केला: 'सुयाकचं दुकान : एक भौगोलिक दृष्टिक्षेप'. हॉलच्या भिंतींवर मोठमोठ्या व्यापाऱ्यांच्या तसबिरी आहेत. पप्पांची नाही. खेड्यात खारे मासे आणि रॉकेल विकणाऱ्याची तसबीर कोण लावणार? म्हणून वाटतं, सहातल्या एका शनिवारी त्या भिंतीवर पप्पांचं दुकान दिसावं. बस, एवढंच.

जोझियानला सांगितलं. बायको असली तरी समीक्षक म्हणून कडक आहे. म्हणाली, "सगळी दोन तास पन्नास मिनिटं?" उत्सुकता तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

१० मे, शनिवार

पहिलं विघ्न. हॉलमध्ये स्वच्छ, सलग, पांढरी अशी एकच भिंत आहे, आणि तिच्यापुढेच पूर्वजांची वेदी आहे. पडदा लावायचा तर पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांसमोरच लावावा लागणार.

तांतीन मोय, म्हणजे आम्हा सगळ्यांची मोय मावशी, वेदी सांभाळते. वय चौऱ्याऐंशी, उंची माझ्या कोपरापर्यंत, आवाज पार बंदरापर्यंत. ती म्हणाली, "पूर्वजांच्या तोंडावर चादर टाकतोस? तुझ्या तोंडावर टाकू का?"

सिरिलनं मध्यस्थी केली. अखेर ठरलं की पूर्वजांना विचारायचं. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. प्रश्न विचारून जमिनीवर टाकायचे. एक सपाट, एक फुगीर पडला तर होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर पूर्वज हसले असं समजायचं, म्हणजे होकार नाही, पुन्हा टाकायचे. एका प्रश्नाला तीनदाच टाकता येतात.

मी म्हणालो, सहाही सिनेमांचं एकदाच विचारून टाका. तांतीन म्हणाली, "प्रत्येकाचं वेगळं विचारायचं. काय बघायला मिळणार ते त्यांना कळायला नको? तेही बसलेलेच असतात की."

१७ मे, शनिवार

पहिला कौल. माझ्या माहितीपटाचं नाव घेऊन तांतीननं ठोकळे टाकले. दोन्ही सपाट. पुन्हा, दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

"हसले," तांतीन म्हणाली.

"कशाला हसले?"

"मला काय विचारतोस पोरा? त्यांना विचार."

मग तिनं स्वतःहून एक सिनेमा सुचवला. परदेशी गेलेल्या नवऱ्याची वाट बघत वीस वर्षं लोकांचे कपडे धुणारी बाई. पहिल्याच फेकीत होकार! पूर्वजांची आवड इतकी रडकी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तांतीननं मात्र कौलाच्या आधीच बाहीत तीन इस्त्रीचे रुमाल खोचून ठेवले होते. श्रद्धा असावी तर अशी.

३१ मे, शनिवार

पहिला खेळ. एकसष्ट माणसं. खुर्च्या कमी पडल्या, सिरिलनं पिंगपाँगचं टेबल आडवं करून त्यावर माणसं बसवली.

सिनेमा सुरू झाल्यावर कळलं की तो मँडरीनमध्ये आहे. म्हाताऱ्यांना हाक्का येते, पोरांना इथली क्रेओल. मँडरीन एकालाही नाही. संयोजक कोण म्हणून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी पडद्याचा कोपरा नीट करू लागलो.

तेवढ्यात तांतीन उभी राहिली आणि भर हॉलमध्ये गोष्ट सांगायला लागली. कोण कोणाची सासू, कोणी कोणाचं पत्र लपवलं, सगळं. शेवटी नायक-नायिका धक्क्यावर एकमेकांच्या गळ्यात पडले तेव्हा तिनं जाहीर केलं, "हे दोघे बहीण-भाऊ आहेत!" अख्खा हॉल हुंदके देऊ लागला. सिरिल माझ्या खांद्यावर रडला, कोट वाळत घालावा लागला.

परत येताना मी म्हणालो, "तांतीनला मँडरीन येतं हे माहीत नव्हतं." जोझियान म्हणाली, "कुठे येतं?" आणि खिडकीबाहेर बघून हसत राहिली.

२१ जून, शनिवार

दुसरा कौल. मी मोठ्या मनानं माहितीपटातली सहा मिनिटं कापली होती. सुरुवातीला आपलं बेट समुद्रातून कसं वर आलं ते आहे, लाव्हा वगैरे. बावीस मिनिटं होती, ती सोळावर आणली. काळजावर दगड ठेवून.

पूर्वज हसले. तिन्ही वेळा.

मान्य झाला तो सिनेमा असा: पनामाला गेलेला भाऊ, आंधळी आई, हरवलेली बांगडी. रुमाल चार.

१० जुलै, गुरुवार

जोझियान दर गुरुवारी तांतीनकडे डबा घेऊन जाते हे मला आजच कळलं. कधी तिळाचे तळलेले गोळे, कधी शूशू नावाच्या दुधीसारख्या भाजीचे उकडलेले. मे महिन्यापासून एकही गुरुवार चुकलेला नाही. एकट्या म्हातारीची एवढी काळजी! माझ्या वाट्याला तिळाचे गोळे नवीन वर्षालाच येतात, पण असो.

१९ जुलै, शनिवार

तिसरा कौल. या खेपेस रिकाम्या हातानं गेलो नाही. भाजलेल्या डुकराचा मोठा तुकडा नेला, वरची कातडी अशी कुरकुरीत की टिचकी मारली तर वाजावी. वेदीपुढे ठेवला, उदबत्ती लावली, तीनदा वाकलो.

हसले.

तांतीननं कातडीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "पूर्वज प्रसन्न आहेत," ती चावत म्हणाली, "पण मत बदललेलं नाही."

१६ ऑगस्ट, शनिवार

आता शास्त्रीय पद्धतीनं विचार केला. दोन्ही ठोकळे सपाट पडण्याची शक्यता चारात एक. मे, जून, जुलै मिळून नऊ वेळा लागोपाठ पडण्याची शक्यता सुमारे अडीच लाखांत एक! मी आकडेमोड तीनदा तपासली. निष्कर्ष एकच निघतो: पूर्वजांचा कशाला तरी पक्का आक्षेप आहे.

माहितीपट पुन्हा पाहिला आणि सापडलं! सदतिसाव्या मिनिटाला आपल्या मूळ गावाचा नकाशा आहे, त्यात गाव नदीच्या चुकीच्या काठावर पडलंय. चाळीस वर्षं पोरांना नकाशे शिकवले आणि पूर्वजांचंच गाव नदीपलीकडे फेकलं! मग हसतील नाहीतर काय? आठ दिवस बसून नकाशा दुरुस्त करणार.

२३ ऑगस्ट, शनिवार

नकाशा दुरुस्त करून नेला. हसले.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी पूर्वजांना जरा मोठ्यानंच म्हणालो की हसायचं कारण तरी सांगा. सिरिलनं मला बाहेर नेलं आणि उसाचा रस पाजला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज जोझियानला आणायला तांतीनकडे गेलो. दार उघडं होतं, दोघींचं बोलणं कानावर आलं.

तांतीन म्हणत होती, "अगं, मनगट दुखतं माझं."

जोझियान म्हणाली, "दोनच महिने राहिलेत, तांतीन. सगळ्यांसमोर त्याची शोभा व्हायला नको. सोळा मिनिटं नुसता लाव्हा आहे हो! लोक उठून जातील. वरून दाखवत नाही, पण मनाला फार लावून घेतो."

कोणाबद्दल बोलत होत्या देव जाणे. सिरिल असणार. गेल्या खेळाला आभाराचं भाषण त्यानंच लांबवलं होतं. तांतीनच्या मनगटासाठी मी मालिशचं तेल पाठवून दिलं. दोघी माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत राहिल्या.

२० सप्टेंबर, शनिवार

पाचवा कौल. हसले. आता एकच कौल उरलाय.

आज गाडीत बसलो आणि किल्ली लावलीच नाही. बासष्ट वर्षांचा माणूस, स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिलो. पप्पांनी त्या गल्ल्यामागे तीस वर्षं उभं राहून आम्हा चौघांना शिकवलं. रविवारी दक्षिणेतले सगळे चिनी दुकानदार आमच्याच ओसरीवर माहजाँग खेळायला यायचे. त्यांतल्या तिघांच्या तसबिरी आज हॉलमध्ये आहेत. पप्पांसाठी पूर्वजांना एक शनिवारची दुपार देता येत नाही?

९ ऑक्टोबर, गुरुवार

आता विचारायचं नाही असं ठरवलं. तरी दुपारी एकदा चित्रण लावून बसलो. जोझियान स्वयंपाकघरात होती, तिला माझ्या निवेदनानं डोकेदुखी होते, म्हणून आवाज बंद ठेवला.

ती जेवायला बोलवायला आली ती पळी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. ओसरीवरचं दृश्य चालू होतं. माहजाँगच्या टेबलाशी एक बाई मान मागे टाकून हसत होती.

"ही आई आहे," जोझियान म्हणाली.

"हो. चौदा मिनिटांचं चित्रण झाल्यावर येते. त्यावर मी व्यापारी वाऱ्यांची माहिती देतो."

"मला कसं दिसलं नाही कधी?"

"तू तिथे डोळे मिटून ऐकतेस ना. एकाग्रतेनं."

तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. ते दृश्य तिनं पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा, मग मी खुर्ची आणून दिली. सूप करपलं. घरभर धूर झाला तरी ती उठली नाही, आणि मला ओरडलीही नाही. चौतीस वर्षांच्या संसारात सूप करपल्यावर मी ओरडा खाल्ला नाही असं पहिल्यांदाच झालं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तांतीन मोरीत घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. दवाखान्यात भेटायला गेलो तर परिचारिकेला सांगत होती, "आता कौल कोण लावणार? हे सगळे धोंडे आहेत धोंडे."

१८ ऑक्टोबर, शनिवार

शेवटचा कौल. सगळं नीट लिहितो.

तांतीन खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला. सिरिलच्या हातात तिनं सुचवलेल्या, सात रुमालांच्या सिनेमाच्या नावाची चिठ्ठी. मी मागे उभा होतो. सिरिल म्हणाला, "फिलिबेर, शेवटचं एकदा तुझ्या सिनेमाचं विचार. या खेपेला तूच टाक."

मी पुढे गेलो. पप्पांचं पूर्ण नाव घेतलं. ठोकळे टाकले. दोन्ही सपाट.

पुन्हा टाकले. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा एक ठोकळा गरगर फिरला, वेदीच्या पायाला लागला आणि सपाट पडला. दुसरा आधीच सपाट.

तांतीनचा चेहरा पांढराफटक पडला. "मी तर हातसुद्धा लावला नाही!" ती म्हणाली. बिचारी, नियमाला किती जपते.

मी ठोकळे उचलून ठेवले. सिरिल म्हणाला, "जाऊ दे रे." मी म्हणालो, "जाऊ दे." तोंडातून एवढंच निघालं, आणि मी कधीच दोन शब्दांत थांबत नाही.

तेवढ्यात जोझियान पुढे आली. "मी टाकते."

"तीनदा झालं की," सिरिल म्हणाला.

"त्याचं झालं. माझं नाही," ती म्हणाली. "माझी आईसुद्धा आहे त्यात. मी तिच्यासाठी विचारतेय. प्रश्नच वेगळा आहे."

सिरिलनं तांतीनकडे बघितलं. तांतीननं जोझियानकडे बघितलं. मग म्हणाली, "हं. वेगळा आहे."

जोझियाननं ठोकळे हातात घेतले, अंगठा एका कडेवर ठेवला आणि मनगटाला हलकासा हिसका दिला, अगदी तांतीनसारखा. एक सपाट, एक फुगीर.

होकार! मी सिरिलला मिठी मारली. मग तांतीनला मारायला गेलो तर ती म्हणाली प्लास्टर बघ, मेल्या.

जोझियानला विचारलं, इतक्या सफाईनं टाकायला कुठे शिकलीस? ती म्हणाली, "बघून बघून." पाच महिने बघत होती ना बिचारी.

२५ ऑक्टोबर, शनिवार

उशीर झालाय, तरी आजच्या आज लिहिणार.

एकशे दहा माणसं! पिंगपाँगचं टेबल मोडलं. तांतीन पहिल्या रांगेत, रुमाल एकच.

चार वाजता सुरू केलं. लाव्हा पडद्यावर आला, माझा आवाज घुमला, "कोट्यवधी वर्षांपूर्वी," आणि फटकन आवाज गेला. वायर निसटली होती. ती जोझियानच्या पायाशीच होती, तिला झटका बसला नाही हे नशीब. खोचायला गेलो तर टोकच वाकलेलं. जोझियान म्हणाली, "राहू दे, चित्र तर दिसतंय."

आता निवेदनाशिवाय लोकांना काय कळणार? मी पडद्यासमोर उभा राहिलो आणि तोंडपाठ सुरू केलं. लाव्हा थंड होत असताना मागून कोणीतरी ओरडलं, "दुकान कुठाय?" सिरिलनं माझी परवानगी न घेता लाव्हा पुढे पळवला. नकाशेही पळवले. आठ दिवसांची नदी दोन सेकंदांत वाहून गेली.

आणि दुकान आलं. गल्ला, काट्याचा तराजू, टांगलेले खारे मासे. मी म्हणालो, "आता दुकानाचे अक्षांश..."

"अरे, तो आ-साम!" कोणीतरी उठून उभं राहिलं. "बघा, दात आहेत अजून त्याचे!"

"ती माझी आजी! तिच्या डोक्यावरची ती भलतीच टोपी बघा!"

"थांबव, थांबव! मागे घे!"

"ते डुक्कर आमचं!"

कोणी बसेना. म्हाताऱ्या पडद्याजवळ जाऊन बोट लावून नातवंडांना दाखवू लागल्या, हा कोण, ती कोण. नातवंडं मोबाइलवर फोटो काढत होती. जोझियानच्या आईवर सिरिलनं स्वतःहून चित्र थांबवलं, कोणी सांगितलं नव्हतं. जोझियान शेजारच्या बाईला म्हणाली, "माझी आई," आणि त्या अनोळखी बाईनं तिचा हात धरून ठेवला.

मी मात्र बोलतच होतो. व्यापारी वारे, पर्जन्यमान. "फिलिबेर, बाजूला हो!" पंधरा-वीस जण ओरडले. माझं डोकं चित्राच्या मधोमध येत होतं. मी म्हणालो, "एक मिनिट, एक महत्त्वाची गोष्ट. पप्पा स्वतः कॅमेऱ्यामागे असल्यामुळे दुर्दैवानं या चाळीस मिनिटांत ते कुठेही..."

"तो काय, तुझा बाप ली!" तांतीन किंचाळली.

"कुठे?"

"ते कान बघ!"

मी वळलो. दुकानापुढचं अंगण, सकाळचं ऊन. हे दृश्य मी दोनशे वेळा पाहिलंय, त्यावर ओसरीच्या पूर्वाभिमुख रचनेबद्दल चार मिनिटं बोलतो. मधोमध दहा वर्षांचा मी उभा, दुकान पूर्ण झाकून, तोंडाचा पट्टा चालू. आणि माझ्या पायांपुढे जमिनीवर एक लांब सावली. हॅट, हॅटखाली दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कान. पप्पांचे कान. माझेच कान.

सावलीचा एक हात हलत होता. आधी हळू, मग जोरात, मग अख्ख्या दंडापासून. बाजूला हो. अरे बाजूला हो. दुकान दिसू दे. पोरगा ढिम्म. बोलतोय.

हॉल हसून असा फुटला की तसबिरी हलल्या. तांतीन प्लास्टर मांडीवर आपटून हसत होती. जोझियान डोळे पुसत म्हणाली, "तेव्हापासून! तेव्हापासून हा असाच!"

मी बाजूला झालो. पिंगपाँगच्या मोडक्या टेबलावर जागा होती, तिथे बसलो. सिरिलनं ते दृश्य अकरा वेळा लावलं. मी एकदाही मध्ये बोललो नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी सिरिलचा फोन. ज्यांना काल जागा मिळाली नाही ते भांडायला आलेत, नोव्हेंबरमध्ये पुन्हा लावायचं. मी विचारलं, निवेदन? तो म्हणाला, "मंडळाचं एकमत आहे," आणि मत कोणतं ते सांगितलंच नाही. मी बरं म्हणालो. कौल लावायचा का? तांतीन म्हणते, गरज नाही, काल सगळे हसले तेवढं पुरे.

पप्पांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली. त्यांचे चार फोटो आहेत, चारही ताठ उभे. हलताना ते मला कधी दिसतील असं वाटलं नव्हतं. हात हलवत होते, मला उद्देशून, आणि मी ते बावन्न वर्षांनी पाहिलं.

आज दिवसभर मी घरात फारसं बोललो नाही. जोझियाननं दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.